झोपेत अंगावर राहून गेलेली क्लिप : चोखणीच्या पट्टीचे एक प्रकरण

ज्या घरात हे घडले त्या घरातील माणसांनी आपण होऊन सगळे तपशील सांगितले, वस्तू दाखवली आणि इतर पालकांच्या उपयोगी पडावे म्हणून लिहिण्यास संमती दिली. ओळख पटेल असे काहीही येथे ठेवलेले नाही. बाळाला कायमची इजा झाली नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण त्याची धास्ती मनात ठेवून वाचणाऱ्याचे लक्ष मूळ मुद्द्यावर ठरत नाही. तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन संगोपनाविषयी मार्गदर्शन करणे हे माझे काम आहे आणि या घरी मी घटनेच्या तिसऱ्या दिवशी गेले होते.

बाळ सात महिन्यांची मुलगी. दोन्ही कुशींवर वळणारी, पालथी होऊन पुढे सरकू पाहणारी. तिला चोखणीची, म्हणजे पॅसिफायरची, सवय होती. चोखणी सारखी जमिनीवर पडते म्हणून आईने बाजारात मिळते तशी साधी क्लिप आणली होती. तिच्या एका टोकाला कपडा पकडणारा चिमटा, दुसऱ्या टोकाला चोखणीच्या कडीत अडकवायची टिचबटणाची पट्टी आणि मध्ये सुमारे २० सेंटिमीटर लांबीची कापडी फीत होती. क्लिपसोबत सूचनांचा एक छोटा कागद होता. आईने तो वाचला होता आणि पहिले दोन महिने पाळलाही होता.

पुढे अडचण आली ती लाळेऱ्यामुळे. दात येऊ लागल्यावर बाळाची छाती सतत ओली राहू लागली. लाळेरे बांधले की छातीवरचा चिमटा त्याच्याखाली दडपला जाई, म्हणून घरच्यांनी चिमटा कमरेच्या बाजूला, अंगरख्याच्या खालच्या कडेला लावायला सुरुवात केली. आता २० सेंटिमीटरची फीत तोंडापर्यंत पुरेना. बाळाच्या आत्याने मग हौसेने आणि मायेने स्वतः एक पट्टी ओवून दिली. जाड सुती दोऱ्यात १५ मिलिमीटर व्यासाचे १८ लाकडी मणी, एका टोकाला जुन्याच क्लिपचा चिमटा आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्याचा फासा. मी टेप लावून मोजली तेव्हा चिमटा वगळून ती ३४ सेंटिमीटर भरली. पट्टी दिसायला सुरेख होती, बाळाला मणी चावायला आवडत आणि चोखणी जमिनीवर पडणे बंद झाले होते. घरातील प्रत्येकाच्या दृष्टीने ती जुन्या क्लिपपेक्षा सरस होती.

घटनेच्या दिवशी बाबा बाळाला बाबागाडीतून फिरवून आणत असताना तिला वाटेत झोप लागली. घरी आल्यावर त्यांनी तिला अलगद उचलून पाळण्यात ठेवले. चोखणी तोंडात होती, पट्टी अंगावर होती. ती काढायची त्यांना आठवण झाली नाही असे नाही. आठवण झाली होती, पण चिमटा उघडताना होणाऱ्या टक् आवाजाने ती उठेल, असे वाटून त्यांनी हात मागे घेतला. साधारण २५ मिनिटांनी आजी पाळण्याजवळून कपड्यांच्या घड्या घेऊन जात होत्या. बाळ पालथे झालेले, एक पाय गादीवर घासत असलेला, चेहरा लालभडक आणि आवाज मात्र कसलाच नाही. मण्यांची पट्टी मानेभोवती जवळजवळ पूर्ण फिरली होती आणि चोखणी डाव्या खांद्याखाली दाबली गेल्यामुळे ती सुटू शकत नव्हती.

आजींनी पट्टीला हिसका दिला. दोरा तुटला, मणी पाळण्यात आणि जमिनीवर उडाले, आणि बाळाने मोठा श्वास घेऊन टाहो फोडला.

"ताई, ती रडलीच नाही हो," आजी मला म्हणाल्या. "रडली असती तर मी पहिल्याच हाकेला धावले असते." हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर तीनदा उच्चारले. या प्रकरणात समजून घेण्यासारखे जे आहे त्याचा मोठा भाग त्या एका वाक्यात आहे. रडण्यासाठी हवा लागते. गळा आवळला गेला की बाळ हाक मारू शकत नाही, त्यामुळे शेजारच्या खोलीत बसून कान देणे ही झोपलेल्या बाळावरची देखरेख नव्हे. मानेतील शिरा अगदी थोड्या दाबानेही बंद होऊ शकतात. श्वासनलिका पूर्ण दाबली जाण्याची वाट पाहावी लागत नाही. तान्ह्या बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड असते आणि मानेत ते सोडवून घेण्याइतकी ताकद नसते. बाळाच्या स्वतःच्या अंगाचे वजनच फास घट्ट करते. शुद्ध काही सेकंदांत हरपू शकते आणि मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर काही मिनिटांत कायमची हानी होते.

दवाखान्यात नेईपर्यंत मानेच्या उजव्या बाजूला एका ओळीत चार गोल ठसे स्पष्ट उमटले होते. मण्यांचा आकार त्यांत मोजता आला असता. डॉक्टरांनी श्वासाचा आवाज ऐकला, रडण्याचा सूर घोगरा झाला आहे का ते पाहिले, गिळताना त्रास होतो का याची खात्री केली आणि पापण्या व डोळ्यांच्या पांढऱ्या भागावर बारीक लाल ठिपके आहेत का तेही तपासले. तसे काही आढळले नाही. बाळाला काही तास निरीक्षणाखाली ठेवून घरी सोडण्यात आले. मानेवर आवळल्याची खूण असेल तर बाळ हसत-खेळत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण आतली सूज नंतरही वाढू शकते. आजी-आजोबांच्या पिढीतील पुष्कळ माणसे "आता बरी आहे ना" म्हणून थांबतात. या आजी थांबल्या नाहीत, ही त्यांनी केलेली दुसरी मोलाची गोष्ट.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर तेव्हा कोणापाशीच नव्हते : मणी किती होते? बाबा घरी परतले आणि पलंगावर चादर पसरून त्यांनी सापडलेले मणी ओळीने मांडले. ते १७ भरले. आत्याला फोन करून विचारले तर तिने ओवलेले मणी १८. पुढचा तासभर घरातील माणसांनी जो काढला त्याचे वर्णन करणे कठीण आहे. लाकूड क्ष-किरणांच्या चित्रात बहुधा दिसत नाही, त्यामुळे चित्र काढून शंका फिटण्यासारखी नव्हती. बाळ खोकत नव्हते, लाळ नेहमीपेक्षा जास्त गळत नव्हती, श्वासात शिट्टीसारखा आवाज नव्हता, एवढाच काय तो आधार. अठरावा मणी अखेर गादी आणि पाळण्याचे गज यांच्या फटीत सापडला.

येथे घटना संपते. मला मात्र विचार करण्यासारखी बाब दिसते ती त्या तुटलेल्या दोऱ्यात.

दोरा तुटला म्हणून बाळ सुटले, आणि दोरा तुटला म्हणूनच १८ मणी पाळण्यात पसरले. दोरा आणखी भक्कम असता तर मणी सुटले नसते, पण आजींच्या एका हिसक्याने फासही सुटला नसता. तो कच्चा असता तर गळ्याला आवळ बसण्यापूर्वीच तुटला असता, पण मग कोणत्याही दुपारी, कोणाच्या लक्षात न येता, एखादा मणी बाळाच्या तोंडात गेला असता. आत्याने मला विचारले, "मग दोरा कोणता वापरायला हवा होता?" प्रश्न प्रामाणिक होता आणि मला उत्तर देताना वाईट वाटले, कारण झोपलेल्या बाळाच्या अंगावर ठेवता येईल असा दोरा नाहीच. सुटे भाग धरून ठेवण्याइतका पक्का दोरा गळा आवळण्याइतकाही पक्का असतो.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१८ मध्ये दात येणाऱ्या बाळांसाठी विकल्या जाणाऱ्या माळा आणि कड्यांविरुद्ध पालकांना इशारा दिला, त्यात नमूद केलेल्या दोन घटना याच दोन बाजूंच्या आहेत. एका १८ महिन्यांच्या मुलाचा दुपारच्या झोपेत अंबर या राळेच्या मण्यांच्या माळेने गळा आवळून मृत्यू झाला. दुसऱ्या घटनेत सात महिन्यांच्या बाळाच्या घशात लाकडी कड्याचे मणी अडकले आणि त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्या वेळी पालकांची त्याच्यावर देखरेख होती. माळ आणि क्लिप या वेगळ्या वस्तू आहेत, हे मान्य. पण मण्यांची पट्टी ३४ सेंटिमीटरची झाली की ती क्लिप राहत नाही. तिची माळ झालेली असते.

लांबीचा मुद्दा म्हणूनच महत्त्वाचा. चोखणी अडकवायच्या पट्ट्यांसाठी युरोपात ईएन १२५८६ हे स्वतंत्र मानक आहे आणि त्यात पट्टीची कमाल लांबी २२० मिलिमीटर, म्हणजे २२ सेंटिमीटर ठरवलेली आहे. सात महिन्यांच्या बाळाच्या मानेचा घेर साधारण याच्याच आसपास असतो. चिमटा छातीवर असेल तर चिमट्यापासून मानेपर्यंतचे अंतर त्यातून वजा होते आणि उरलेल्या तुकड्याला मानेभोवती फिरून पुढे येता येत नाही. ३४ सेंटिमीटरला मात्र येता येते. घरच्यांचा येथे एक आक्षेप होता आणि तो विचार करण्याजोगा होता : चिमटा तर कमरेला होता, मग मानेपर्यंत जाऊन वेढा बसण्याइतकी पट्टी उरलीच कशी? उत्तर अंगरख्यात होते. कुशीवर वळताना, पालथे होताना बाळाचा सैल अंगरखा वर सरकत गेला आणि कमरेचा चिमटा काखेपाशी पोहोचला. आपण चिमटा जेथे लावतो तेथेच तो राहील असे गृहीत धरतो, पण चिमटा बाळाला लावलेला नसतो, कपड्याला लावलेला असतो, आणि कपडा हलतो.

यावरून कोणी असा अर्थ काढू नये की २२ सेंटिमीटरची पट्टी झोपेत चालते. पूर्ण वेढा बसला नाही तरी दोन्ही टोके अडकली, एक कपड्यात आणि एक गजांच्या फटीत, तर मधला भाग गळ्यावर ताणला जाऊ शकतो. या पट्ट्यांवरील सूचनांत म्हणूनच लांबीइतकाच दुसरा मुद्दा ठळक असतो : बाळ पाळण्यात किंवा बिछान्यात असताना वापरू नये. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्सचे मतही हेच आहे. चोखणी गळ्यात अडकवू नये आणि झोपलेल्या बाळाच्या कपड्याला जोडलेली ठेवू नये. अमेरिकेत १९७८ पासून लागू असलेल्या नियमानुसार चोखणीला फीत, दोरी किंवा साखळी जोडून ती विकताच येत नाही आणि चोखणी बाळाच्या गळ्यात बांधू नये असा इशारा तिच्या वेष्टनावर छापावा लागतो.

त्या घरात मी आईला तो जुना सूचनांचा कागद शोधायला सांगितला. तो कपाटाच्या खणात होता. पट्टी कधीही लांब करू नका, दोऱ्या, नाड्या किंवा कपड्याच्या सैल भागाला लावू नका, पाळण्यात वापरू नका, प्रत्येक वेळी वापरण्यापूर्वी तपासा आणि खराब झाल्याची पहिली खूण दिसताच टाकून द्या, असे सगळे त्यावर होते. आई रडू लागली. तिला दोष देण्याचा माझा हेतू नव्हता आणि तसे मी तिला सांगितलेही. कागदावरचा प्रत्येक नियम मोडला गेला तो निष्काळजीपणाने नव्हे. लाळेरे ओले होत होते म्हणून चिमटा हलला, चिमटा हलला म्हणून पट्टी लांब झाली, बाळाला मणी आवडले म्हणून तीच रोजची झाली आणि बाळाची झोप मोडू नये म्हणून ती अंगावर राहिली. चारही पायऱ्या बाळाच्या भल्यासाठी चढलेल्या. यातील पहिल्या तीन पायऱ्यांवर घरच्यांनी काहीतरी ठरवले होते. चौथ्या पायरीवर मात्र कोणी काही लावले नव्हते, आधी लावलेले फक्त काढले नव्हते. झोपेत क्लिप कोणी लावत नाही. बाळ झोपते आणि क्लिप त्याच्यासोबत पाळण्यात येते. "झोपताना लावू नका" हा नियम पाळणारा माणूसही येथे चुकतो, कारण त्याने झोपताना लावलेली नसतेच.

एवढे लक्षात आल्यावर आम्ही लावण्याचा विचार बाजूला ठेवून काढण्याचा विचार केला. पाळण्याच्या वरच्या भिंतीवर, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर, बाळाचा हात कधीच पोहोचणार नाही अशा ठिकाणी एक छोटी खुंटी ठोकली. क्लिप अंगावर नसेल तेव्हा तिची जागा ती खुंटी. बाळाला पाळण्यात ठेवणाऱ्याने आधी खुंटीकडे पाहायचे. ती रिकामी असेल तर क्लिप बाळाच्या अंगावर आहे. आठवणीवर विसंबण्यापेक्षा डोळ्यांसमोरची रिकामी खुंटी अधिक खात्रीची. यासाठी घरात एकच क्लिप ठेवावी लागते, नाहीतर खुंटीवर एक आणि अंगावर दुसरी असे होऊ शकते. बाबागाडीत आणि मोटारीतील बाळाच्या आसनावरही हाच विचार लागू होतो. मोटारीत मागे तोंड करून बसवलेले बाळ चालवणाऱ्याला दिसत नाही, आसनाचे पट्टे आधीच अंगावर असतात आणि गाडी सुरू झाली की बाळाला झोप येते. त्या प्रवासाला क्लिप नकोच.

दुसरा बदल चोखणीविषयी. झोपेत चोखणी द्यायची तर ती सुटी द्यावी. ती तोंडातून पडली आणि बाळ झोपलेले असेल तर परत तोंडात घालण्याची गरज नसते. झोपेच्या वेळी चोखणी दिल्याने अचानक होणाऱ्या बालमृत्यूचा धोका कमी होतो असे अकॅडमी सांगते, आणि ती नंतर गळून पडली तरी तो लाभ राहतो. आईला हे ऐकून फार हलके वाटले. रात्री चोखणी पडताच ती उठत असे.

जागेपणी वापरायला जी क्लिप आता त्या घरात आहे ती कापडी फितीची, मणी नसलेली, ताणून मोजली तरी २२ सेंटिमीटरच्या आतली आहे. तिच्या चिमट्याला हवा जाण्याची भोके आहेत, कारण बाळ चिमटाही तोंडात घालते. चिमटा लाळेऱ्याच्या खाली, छातीवरच्या घट्ट कापडालाच लावतात. लाळेऱ्याची नाडी, दुपटे, अंगरख्याचा बंद यांना कधीच नाही. लाळेरे वर असल्याने क्लिप थोडी दडपली जाते, चोखणी काढ-घाल करायला दोन सेकंद जास्त लागतात, पण त्याला इलाज नाही. दररोज पहिल्यांदा लावताना आई फीत दोन्ही टोकांना धरून जोराने ओढते, टिचबटण वळवून पाहते आणि शिवणीवरून अंगठा फिरवते. लाळेने सतत भिजणारी शिवण इतर कोणत्याही भागाआधी विरते, आणि विरलेली शिवण डोळ्यांपेक्षा अंगठ्याला आधी कळते.

मण्यांच्या पट्टीविषयी माझे मत या प्रकरणानंतर कठोर झाले आहे. तीन वर्षांखालील मुलांच्या वस्तूंतील सुटे भाग तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. त्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकण्याजोगी धरतात. आत्याचे मणी त्याच्या निम्म्याहूनही लहान होते. कारखान्यात तयार झालेल्या, चाचण्या पार केलेल्या मण्यांच्या पट्ट्या मिळतात हे मला ठाऊक आहे, तरी घरी ओवलेली पट्टी मी कोणत्याही बाळाच्या हाती देणार नाही. गाठ किती ओढ सहन करते हे घरी कोणी मोजत नाही, आणि लाकूड ओले होऊन सुकत राहिले की त्याला चिरा जातात.

आजींना आणखी एक गोष्ट शिकून घ्यायची होती : हिसका देण्याऐवजी काय करायला हवे होते. त्यांच्या हिसक्याने काम झाले, पण दोरा टिकला असता तर त्याच हिसक्याने फास आणखी आवळला असता. आधी बाळाला उचलून पट्टी ज्या बाजूला अडकली आहे त्या बाजूला न्यावे, म्हणजे ताण लगेच सैल पडतो. मग चिमटा उघडावा किंवा कात्रीने पट्टी कापावी. श्वास चालत नसेल तर मदत बोलवून कृत्रिम श्वास आणि छातीवर दाब सुरू करावा. घशात काही अडकून बाळाला खोकता किंवा रडता येत नसेल, तर एक वर्षाखालील बाळाला डोके खाली राहील असे हातावर पालथे धरून दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच थापा आणि नंतर उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब, असे आळीपाळीने करावे. वस्तू दिसत नसताना घशात बोट फिरवू नये, ती आणखी आत जाते. आजींनी हे बाहुलीवर माझ्यासमोर चार वेळा करून पाहिले आणि पाचव्या वेळी जावयाला करायला लावले.

पाळणाघरातील ताईंना सगळे समजावून सांगण्याचे काम बाबांनी अंगावर घेतले. तेथे आता बाळाच्या नावाच्या कप्प्यावर तशीच एक खुंटी आहे.

मी महिन्याभराने पुन्हा गेले तेव्हा योगायोगाने बाबा नुकतेच बाबागाडी घेऊन आत येत होते. बाळ झोपलेले होते. त्यांनी तिला उचलले, पाळण्याशी आले, भिंतीकडे पाहिले आणि थांबले. मग एका हाताने चिमटा उघडला. टक् असा आवाज झाला आणि मुलगी जागी होऊन रडू लागली. क्लिप खुंटीवर अडकवून त्यांनी तिला खांद्यावर घेतले आणि खोलीत फेऱ्या मारू लागले. ती पुन्हा झोपायला चांगला पाऊण तास लागला.